दोन पौंड ‘टी’

सोमवारी कर्नल ग्रॅनिसचं ‘दीपगृह’,
गुरुवारी जेबेझ ऑर्थचा ‘नांगर’.
छापखाना एक, खिळे जुळवणारी मी एक,
शिशाच्या खिळ्यांची पेटी एक,
नवऱ्याने मागे ठेवलेली.
एलिफलेट कागद आणायला फिलाडेल्फियाला गेला
आणि पिवळ्या तापात तिथेच राहिला.
त्या वर्षी तापालासुद्धा दोन बाजू होत्या म्हणे.
एका बाजूचा वैद्य रक्त काढायचा,
दुसऱ्या बाजूचा झाडाची साल आणि वाइन पाजायचा.
माझा माणूस कुठल्या उपचाराने गेला
हे कुणी लिहून कळवलं नाही.

‘पक्ष’ हा शब्द तेव्हा चारचौघांत काढायचा नव्हता.
खरजेसारखा होता तो,
असलाच तर समोरच्याला.
जनरल निरोप घेऊन शेतीवर गेले,
जाताना बजावून गेले, तट पाडू नका.
ते पत्र मी सोमवारी छापलं, गुरुवारीही छापलं,
अक्षर न् अक्षर तेच.
कर्नल म्हणाला, वाचू दे आता ऑर्थला.
ऑर्थ म्हणाला, एक प्रत कर्नलच्या दारावर चिकटव.

हे दोघे लढाईत एका घोंगडीखाली झोपलेले.
गोळ्या संपल्या तेव्हा याच पेटीतले
निम्मे खिळे एलिफलेटने वितळवून दिले होते.
कुणाच्या छातीत कुठलं अक्षर गेलं, देव जाणे.
आता कर्नलच्या टोपीला काळी फीत,
ऑर्थच्या टोपीला फ्रान्सचे तीन रंग,
मधून सस्क्वेहाना वाहते
आणि दोघे एकमेकांना पाण्यात पाहतात.
चार जुलैला दोन मेजवान्या, दोन मेंढ्या.
तोफ एकच, म्हणून ती उडालीच नाही.
फक्त माझी पेशन्स दोन्हीकडे जेवली
आणि रात्रभर ओकली.

सगळ्यांत आधी झिजलं ते ‘टी’.
गद्दार आणि जुलमी,
आमच्या भाषेत दोन्ही शब्द त्याच अक्षरापासून निघतात.
सोमवारी गद्दार जुळवायचा,
ओळी मोडून, शाई धुऊन खिळे खणात टाकायचे,
गुरुवारी तेच ‘टी’ जुलमाला जुंपायचं.
आडवी रेघ गेली, नुसता खांब उरला.
वाचणाऱ्यांना शिव्या पाठच होत्या,
कुणाचं काही अडलं नाही.

दोन पौंड ‘टी’ मागवले. बिल आलं.
कर्नल म्हणाला, निम्मं देतो,
पण एका कागदावर त्याच्या शेजारी माझं नाव नको.
ऑर्थही तेच म्हणाला, जरा मोठ्याने.
मग दोन बिलं केली.
वरचा अर्धा पेनी मी भरला.

पुढे कायदा आला,
सरकारविरुद्ध छापेल त्याला तुरुंग.
शेरीफ येऊन माझे शाईचे डबे मोजून गेला
आणि ऑर्थ अडीच महिने आत बसला.
एका गुरुवारी कर्नल उगाचच आला,
दारातच थबकला.
यंत्रावर फडकं टाकलेलं.
‘आज फारच शांत आहे इथे,’ म्हणाला,
आणि काही न छापता गेला.

मग मतं मोजली गेली, पुन्हा मोजली गेली.
मार्चात टपालवाला चिखल उडवत आला:
सरकार बदललं.
त्या रात्री मी पेटी पलंगाखाली ओढली.
वाटलं, आता येतील खिळे मागायला,
वितळवायला.
दिवा विझवून कान लावून बसले.
पलीकडच्या काठावर एक कुत्रं भुंकलं
आणि गप्प झालं.
पहाटे ऑर्थच्या कारखान्यात
पिंपाच्या कड्यांवर हातोडा पडू लागला,
रोजच्यासारखा.

कर्नल आला तेव्हा टोपी हातात होती.
बराच वेळ नव्या ‘टी’च्या खणात बोट फिरवत राहिला.
‘मेहिटेबल, आता विरोधात आम्ही.’
मी काहीच बोलले नाही.
‘ऑर्थचे जुने अंक आहेत का?
असतील तेवढे दे.
कसं करतात, बघायचंय.’

माळ्यावरून गठ्ठा काढला,
उंदरांनी कोपरे खाल्लेला.
अंकाला दोन पेन्स घेतले.
फाटक्यांचा एक.